‘तसं काही नाही हो’: परदेशातल्या मराठी माणसाला भेदभावाबद्दल विचारताना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला सरळ विचारलं, ‘इथं तुमच्याशी भेदभाव होतो का?’ तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘छे, तसं काही नाही हो. लोक चांगले आहेत.’ मग चहाचा कप खाली ठेवता ठेवता पुस्ती येते, ‘म्हणजे आता नाव नीट घेत नाहीत, मीटिंगमध्ये आपलं बोलणं कुणी पुरं होऊ देत नाही, ते काय, चालायचंच.’ तोवर प्रश्नावलीत ‘कधीच नाही’वर खूण झालेली असते.

ही खूण फसवी असू शकते. नॅन्सी क्रीगर आणि स्टीफन सिडनी यांनी १९९६ साली अमेरिकेतल्या तरुण कृष्णवर्णीय आणि गोऱ्या लोकांच्या रक्तदाबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कष्टकरी वर्गातल्या कृष्णवर्णीयांमध्ये एक-दोन ठिकाणी भेदभाव झाल्याचं सांगणाऱ्यांपेक्षा ‘आमच्या वाट्याला असं काही आलंच नाही’ म्हणणाऱ्यांचा वरचा दाब जास्त निघाला. सांगावंसं वाटलं नाही, की झालं त्याला भेदभाव म्हणतात हेच जाणवलं नाही, हे आकड्यावरून कळत नाही. पण स्थलांतरितांच्या आरोग्याचं काम करणाऱ्यानं ‘कधीच नाही’ हे उत्तर जपून वाचायचं, एवढं त्यातून कळतं. पुढचं सगळं त्यासाठीच.

कामाचं हत्यार जुनं आणि चांगलं आहे. डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी डेट्रॉइटमधल्या पाहणीसाठी बनवलेली, १९९७ साली छापून आलेली रोजच्या भेदभावाची मोजपट्टी. नऊ विधानं: तुमच्याशी कमी सौजन्यानं वागतात, कमी आदरानं वागतात, दुकानात-हॉटेलात वाईट सेवा मिळते, तुम्ही हुशार नाही असं समजतात, तुम्हाला घाबरल्यासारखं करतात, अप्रामाणिक समजतात, स्वतःला तुमच्यापेक्षा श्रेष्ठ समजतात, अपशब्द वापरतात, धमकावतात. प्रत्येकापुढे सहा पर्याय, ‘जवळजवळ रोज’पासून ‘कधीच नाही’पर्यंत. या नऊ विधानांत वंश, रंग, देश यांतलं एकही अक्षर नाही. आधी काय होतं ते विचारायचं. ‘का होतं असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न नंतर, आणि तोही निदान एखादी गोष्ट वर्षातून काही वेळा तरी घडते म्हणणाऱ्यालाच. ‘भेदभाव’ हा शब्द आधी उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गावातली वेगळी विहीर येते. त्या मानानं काउंटरवरच्या बाईचा तुटकपणा त्याला सांगण्याजोगा वाटत नाही.

दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकारावरच्या ‘मसाला’ या अमेरिकी अभ्यासातही हीच मोजपट्टी वापरली आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातली आणि शिकागो परिसरातली ४० ते ८४ वर्षांची ९०६ माणसं २०१० ते २०१३ या काळात त्यात आली. तिथं भाषा इंग्रजी, हिंदी आणि उर्दू. म्हणजे मराठीत विचारायचं तर तर्जुमा आपणच करायचा, आणि खरी मारामारी तिथंच आहे.

पहिल्या मसुद्यात हमखास होणारी चूक आठव्या विधानात. अपशब्दांच्या विधानातल्या ‘कॉल्ड नेम्स’ या मूळ इंग्रजीवरून झटकन मराठी होतं ‘लोक तुम्हाला नावं ठेवतात’. शब्दाला शब्द बरोबर आणि अर्थ साफ चुकीचा. नावं ठेवायला परकं माणूस कशाला हवं, ते काम नणंद फोनवरून करते. बायका या प्रश्नाला ‘आठवड्यातून एकदा तरी’ म्हणतात आणि त्यांचा अंक उगाच फुगतो. तिथं ‘शिवी देतात किंवा वेडंवाकडं बोलतात’ असं हवं. चौथ्यात ‘स्मार्ट’ तसाच ठेवला तर त्याहून गंमत. मराठीत स्मार्ट म्हणजे नीटनेटका, देखणा. साठीच्या गृहस्थांना ‘लोक तुम्हाला स्मार्ट समजत नाहीत का?’ विचारलं की ते शर्टाची इस्त्री चाचपतात. ‘अडाणी समजतात’ हा शब्द चालतो. त्यासरशी उच्चाराचा, ‘पार्डन?’ म्हणून तीनदा विचारण्याचा विषय आपोआप निघतो. नवव्यात ‘त्रास देतात’ ठेवू नये. त्रास या शब्दात मराठीत सासू, गुडघा आणि वायफाय सगळं मावतं. ‘धमकावतात, अंगावर येतात, पाठलाग करतात’ असं फोडून लिहावं.

सौजन्य आणि आदर यांची जोडी सर्वांत अवघड. दोन्ही शब्द भाषणातले, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही विधानं एकच वाटतात. बोलण्यातले शब्द घ्यावेत: पहिल्याला ‘तुसडेपणानं बोलतात’, दुसऱ्याला ‘कमी लेखतात’. तरीही अडलं तर उदाहरण तयार ठेवावं. पुढच्या गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा आणि तुमची पाळी आली की नुसतं ‘नेक्स्ट’, हा तुसडेपणा. तुम्ही मांडलेला मुद्दा विरून गेला आणि पाच मिनिटांनी तोच दुसऱ्यानं मांडल्यावर माना डोलल्या, हे कमी लेखणं. उदाहरण मात्र सगळ्यांना तेच द्यायचं आणि अडलं तरच द्यायचं. नाहीतर आपण मोजत नाही, शिकवतो.

मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून मुळाशी ताडून पाहण्याची पद्धत सगळे पाळतात. पाळावी, पण तिच्यावर विसंबू नये. उलट तर्जुमा करणारा दोन्ही भाषांत मुरलेला असतो. ‘नावं ठेवतात’ वाचून मूळ वाक्य काय असणार ते तो ओळखतो आणि तेच लिहून देतो. चूक पकडली जाते ती वेगळ्या पद्धतीनं. प्रश्न वाचून दाखवायचा आणि म्हणायचं, ‘मी आत्ता काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ सहा ते आठ माणसं, नागपूरकडची, कोकणातली, विशीतली, सत्तरीतली, अशी मिसळलेली. बदल करून पुन्हा तितकीच नवी माणसं. दोन फेऱ्यांत बहुतेक खाचखळगे उघडे पडतात.

पर्यायांतही एक खाच आहे. शेवटून दुसरा पर्याय ‘वर्षातून एकापेक्षा कमी वेळा’. हे मराठीत कुणी बोलत नाही. ऐकणारा ते ‘वर्षातून एकदाही नाही’ असं ऐकतो आणि ‘कधीच नाही’शी त्याची गल्लत होते. ‘दोन-चार वर्षांतून एखाद्या वेळी’ म्हटलं की समजतं. सहा पर्याय तोंडी वाचून दाखवले तर माणूस शेवटचा ऐकलेला धरतो. म्हणून मोठ्या अक्षरातलं कार्ड हातात द्यावं, आणि वाचता न येणाऱ्या आजींसाठी सहा चौकोन लहान-मोठ्या उंचीचे काढावेत.

कारणांच्या यादीत मूळचं बरंच आहे: देश, वंश, स्त्री-पुरुष, वय, धर्म, उंची, वजन, शिक्षण आणि मिळकत. आपल्या कामासाठी तीन गोष्टी जोडाव्या लागतात. एक, बोलण्याची ढब. दोन, व्हिसा. तीन, जात. तिसऱ्या शब्दावर घरात शांतता पसरते, पण तो वगळला तर अर्धी गोष्ट सुटते. वागणूक वाईट मिळते ती दर वेळी गोऱ्या माणसाकडूनच असं कुठं आहे? सिॲटलच्या नगर परिषदेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. अमेरिकेतल्या एखाद्या शहरानं असं करण्याची ती पहिली वेळ, आणि त्यावरून भारतीयांमध्येच दोन तट पडले. आपल्या मंडळींना हा विषय तोंडी विचारू नये. कागद हातात द्यावा, त्यांनी स्वतः खूण करावी, घडी घालून पाकिटात टाकावा.

इथं विचारणाऱ्याचाही प्रश्न येतो. मराठी बोलणारी मुलाखतकार दारात उभी राहिली की पहिला प्रश्न तिलाच: ‘आडनाव काय तुमचं? मूळचे कुठले?’ त्या उत्तरावर पुढच्या तासाभराची मोकळीक ठरते. म्हणून ओळख करून देताना फक्त नाव सांगावं, गावाला जिल्ह्यापर्यंतच ठेवावं. ‘काकू’, ‘मावशी’ म्हणण्याचंही तसंच. जीभ सैल होते खरी, पण नात्यातल्या पोरीसमोर कुणी आपला पाणउतारा सांगत नाही. पंचावन्नच्या पुढच्यांना ‘काका’, ‘काकू’ म्हटल्याशिवाय गत्यंतर नसतं, ते ठीक. बरोबरीच्या वयात ‘तुम्ही’ आणि नुसतं नाव पुरे.

माणसं कुठं शोधायची यावर निष्कर्ष किती डळमळतात हे फार जणांना कळत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात टेबल मांडलं की दोन दिवसांत रकाने भरतात, आणि तिथं जी माणसं येतात त्यांना सगेसोयरे, ढोलपथक, मुलांची मराठी शाळा हे सगळं आधीच मिळालेलं असतं. ज्याला कुणी नाही तो आरतीला येतच नाही. त्यामुळे मंडळाच्या यादीतून अर्ध्याहून जास्त माणसं घेऊ नयेत. उरलेली किराणा दुकानाच्या दारात, सार्वजनिक वाचनालयात, सकाळी दहाच्या सुमारास बागेत चक्कर मारणाऱ्या आजी-आजोबांत, भाड्याच्या संकुलांच्या कपडे धुण्याच्या खोलीत शोधावीत.

घरी मुलाखत घ्यायची तर हॉलमध्ये नको. नवरा लॅपटॉप घेऊन तिथंच बसतो आणि बायकोच्या वतीनं ‘हिला कधी असं काही नाही झालं’ म्हणून मोकळा होतो. सासू आणि सून एकाच दिवशी घेऊ नयेत. वाचनालयातली छोटी खोली तासाभरासाठी मिळते, ती उत्तम.

क्रम मोडायचा नाही: आधी रक्तदाब, मग झोप आणि प्रकृतीचे प्रश्न, मग मन:स्थितीची नऊ प्रश्नांची यादी, त्यानंतर भेदभाव, शेवटी आपलेपणा. भेदभाव आधी विचारला तर जुनं काहीतरी आठवून पुढची सगळी उत्तरं काळवंडतात आणि दाबही चढतो. दाब घेताना पाच मिनिटं गप्प बसवावं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात काळजाच्या उंचीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, तंबाखू नाही. बोलता बोलता घेतलेला वरचा दाब दहाएक अंकांनी सहज वाढतो, आणि मराठी घरात पाहुण्यासमोर पाच मिनिटं गप्प बसणं हे सगळ्यात कठीण काम आहे. एकेका मिनिटाच्या अंतरानं तीन वेळा मोजावं, पहिला आकडा सोडून पुढच्या दोनांची सरासरी घ्यावी. जाड दंडावर मधल्या मापाचा पट्टा बांधला तर दाब खोटाच जास्त दिसतो. दोन मापांचे पट्टे जवळ हवेत.

शक्य असेल तर चोवीस तासांचं यंत्र लावावं. दिवसाच्या दाबापेक्षा रात्री तो दहा ते वीस टक्के उतरायला हवा. भेदभावाचं ओझं जास्त असलेल्यांत हा उतार कमी पडल्याचं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे, म्हणजे माणूस झोपला तरी शरीर पहाऱ्यावरच. मात्र रात्री साडेनऊला भारतातल्या टीमशी कॉल असणाऱ्याची रात्र कधी सुरू होते हे आधी लिहून घ्यावं, नाहीतर कॉलचा दाब वंशभेदाच्या खात्यावर जातो.

लाळेतल्या कॉर्टिसॉलचंही, म्हणजे ताणाच्या हार्मोनचंही, तेच. उठल्याबरोबर एक नळी, अर्ध्या तासानं दुसरी, झोपताना तिसरी. निरोगी माणसात कॉर्टिसॉल उठल्यावर अर्ध्या तासात शिखर गाठतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. दीर्घ ताणात हा उतार सपाट होतो. पहिल्या दोन नळ्यांच्या मध्ये दात घासायचे नाहीत, चहा प्यायचा नाही, हे सांगून पटत नाही. हिरडीतलं रक्त मिसळलं की नमुना वाया जातो. दम्याचा स्टेरॉइडचा फवारा घेणाऱ्यांची नोंद वेगळी. आणि नळ्या घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या म्हटलं की अडतं. देवघर असलेल्या घरात मटारच्या पिशवीशेजारी उष्टी नळी कोण ठेवू देईल? झाकणाचा अपारदर्शक डबा, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि दुसऱ्याच दिवशी घेऊन जाण्याचा शब्द दिला तर परवानगी मिळते.

आता आपलेपणा. कॅनडाच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत यासाठी एकच प्रश्न असतो: स्थानिक समुदायाशी तुमचं नातं किती घट्ट वाटतं? उत्तरं चार, अगदी घट्टपासून अगदी सैलपर्यंत. मराठीत तो जसाच्या तसा विचारला की ‘स्थानिक समुदाय म्हणजे आपले लोक की इथले?’ असा प्रतिप्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. म्हणून दोनदा विचारावा, एकदा शेजाराबद्दल, एकदा मराठी मंडळींबद्दल. पण खरं उत्तर मिळतं ते ‘इथं करमतं का?’ या तीन शब्दांना. मुलाकडे येऊन राहिलेल्या बाईला गाडी चालवता येत नाही, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, नातवाशी बोलायला भाषा नाही. आपलेपणावर ती ‘बऱ्यापैकी’ म्हणते. करमतं का म्हटल्यावर खिडकीकडे पाहते.

दोन आपलेपणांचा हिशेब वेगवेगळा ठेवण्यामागं कारण आहे. मार्मट आणि साइम या संशोधकांनी १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या जपानी वंशाच्या पुरुषांवर लिहिलं. जपानी चालीरीती, जपानी गोतावळा टिकवून असलेल्यांत हृदयविकाराचं प्रमाण जपानइतकंच कमी होतं. पुरते अमेरिकी वळणाचे झालेल्यांत तीन ते पाच पट. नुसतं खाणं, धूम्रपान, रक्तदाब यांनी हा फरक भरून निघत नव्हता. म्हणून ‘तुम्ही इथं किती मिसळलात?’ या प्रश्नाचं जास्त अंकाचं उत्तर म्हणजे जास्त आरोग्य असं धरून चालू नये. अर्थात मराठी मंडळाची पंगत रोज उठत नाही आणि श्रीखंडावर हात आखडत नाही, तेव्हा जपान्यांचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नये हेही खरं.

व्हिसाचे प्रश्न कुठल्याच तयार मोजपट्टीत नाहीत. ते जोडल्याशिवाय अमेरिकेतल्या भारतीयाची झोप समजणार नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डात एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग दशकांची. एच-१बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त साठ दिवस. जोडीदाराला २०१५ पर्यंत कामाची परवानगीच नव्हती, अजूनही ती सर्वांना नाही. रांगेत असतानाच मुलगा एकवीस वर्षांचा झाला की आई-वडिलांच्या अर्जातून तो बाहेर पडू शकतो. इथं दुकानात कुणी तुसडेपणानं वागलेलं नसतं. सगळे हसून ‘हॅव अ गुड डे’ म्हणतात, आणि माणूस पंधरा वर्षं घराच्या भिंतीला खिळा मारायचं पुढं ढकलतो. चार साधे प्रश्न पुरतात: सध्याचा दर्जा काय, किती वर्षं, शेवटचं भारतात कधी जाऊन आलात, आणि परत येताना व्हिसाचा शिक्का मिळेल की नाही या भीतीनं कुणाचं आजारपण किंवा अंत्यविधी चुकवला का. शेवटच्या प्रश्नाला रुमाल जवळ असावा. आणि हे प्रश्न विचारायच्या आधी उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक आहे, हे दाखवून द्यावं. सांगणं पुरत नाही.

आकडे वाचताना नवख्याचा घोळ होतो तो वर्षांच्या बाबतीत. नुकते आलेले कमी भेदभाव सांगतात, जुने जास्त, इथं जन्मलेली मुलं आणखी जास्त. म्हणून परिस्थिती बिघडत चालली असा अर्थ काढू नये. नवा माणूस स्वतःला पाहुणा समजतो, आणि पाहुणा जेवणाला मीठ कमी आहे म्हणत नाही. टोमणा ओळखायला भाषा मुरावी लागते. दुसरा घोळ मनःस्थितीचा: खचलेल्या माणसाला सगळंच बोचतं, मग कशामुळे काय झालं? एकाच भेटीत दोन्ही मोजलं तर उत्तर मिळत नाही.

प्रश्न न विचारताही हे पाहता आलेल्या दोन घटना आहेत, आणि ‘सगळं मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांसमोर त्याच ठेवाव्यात. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सहा महिन्यांत कॅलिफोर्नियात अरबी नावांच्या बायकांना कमी वजनाचं मूल होण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ३४ टक्क्यांनी वाढला. इतर गटांत तसं झालं नाही. आयोवातल्या पोस्टव्हिल गावी मे २००८ मध्ये मांस कारखान्यावर स्थलांतर खात्याची धाड पडली, ३८९ जण पकडले गेले. त्यानंतर आयोवा राज्यभरातल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, आयांमध्ये हाच धोका २४ टक्के चढला, अमेरिकेत जन्मलेल्या आयांमध्येसुद्धा. नवजात बाळाचं वजन सांगताना कुणी भीड धरत नाही.

मन:स्थितीच्या यादीतला नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर पुढची मोजमापं थांबवायची. अमेरिकेत ९८८ हा आत्महत्येच्या विचारांत मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा क्रमांक तिथंच बसून लावून द्यायचा, आणि नवऱ्याला किंवा मुलाला सांगायचं की नाही हे आधी त्या व्यक्तीला विचारायचं.

दुसरी भेट सहा महिन्यांनी. तेच प्रश्न, शक्यतो तीच मुलाखतकार. पहिल्या खेपेला ‘कधीच नाही’ म्हटलेला माणूस या खेपेला ‘वर्षातून काही वेळा’वर बोट ठेवतो, असं होतं. मधल्या काळात काही घडलं, की आता आपल्यावर भरवसा बसला? ‘हे या सहा महिन्यांतलं की त्याआधीचं?’ एवढंच विचारावं, उत्तर समासात त्याच्याच शब्दांत लिहावं, आणि पहिल्या भेटीची खूण खोडू नये.